आधी चार्ज प्रेशर मोजा

धार आणि देवास ही पवारांची जुनी संस्थानं माळव्यातली, आणि माळव्याची जमीन बहुतेक काळी. ही माती पाणी प्यायली की फुगते, सुकली की भेगाळते. रस्त्याखालचा भराव म्हणूनच थराथराने दाबून घ्यावा लागतो. ते काम करणारे कंपनशील रोलर धार जिल्ह्यातच, पीथमपूरच्या केस कंपनीच्या कारखान्यात बनतात.

असा एखादा रोलर चालता चालता मंदावतो. इंजिन ठणठणीत, पण चढावर ओढ नाही. साइटवर पहिला संशय मुख्य पंपावर जातो. तो उतरवून दुरुस्तीला धाडला जातो, आणि दुखणं भलतीकडेच निघतं. एक गेज लावलं असतं तर हे टळलं असतं, म्हणून हा प्रकार फार खटकतो.

अशा रोलरमध्ये इंजिनाची ताकद तेलातून चाकांकडे जाते. मुख्य पंप तेल ढकलतो, त्यावर हायड्रॉलिक मोटर फिरते आणि तेच तेल टाकीत न जाता परत पंपात येतं. हे बंद वर्तुळ. जोर लागतो तेव्हा यातला दाब 350 बारच्याही वर जाऊ शकतो. पिस्टनभोवतीच्या केसाहून बारीक फटीतून थोडं तेल सतत झिरपतं. ते झिरपायलाच हवं, वंगण त्याचंच होतं. पण गेलेलं तेल भरून काढायला कुणीतरी लागतं. ते काम मुख्य पंपाच्या पाठीशी, बहुधा त्याच शाफ्टवर बसवलेला छोटा चार्ज पंप करतो. त्याचा दाब साधारण 20 ते 30 बार.

मुख्य पंपातली कलती तबकडी हलवून रोलर पुढे-मागे नेण्याचं कामही सहसा हाच दाब करतो, आणि ब्रेकही तोच सोडवतो. रोलरचा पार्किंग ब्रेक उलट्या रीतीचा असतो: स्प्रिंग तो लावते, तेलाचा दाब तो सोडवतो. दाब गेला की ब्रेक आपोआप लागतो. जागीच अडून बसलेला रोलर कधी कधी माणसं वाचवत असतो.

चार्ज प्रेशरची चाचणी सपाट जागेवर, चाकांना ठोकळे लावून करायची. तेल आधी 50 अंशांपर्यंत तापू द्यावं. थंड तेल दाट असतं, त्यात झिजलेला पंपही धडधाकट वाटतो. गेज 60 बारचं पुरतं, पण मॅन्युअल पाहून चार्जच्याच पोर्टला लावायचं. मुख्य दाबाच्या पोर्टला लागलं तर ते फुटेल. गळती शोधायला होजवरून हात कधीच फिरवू नये. सुईएवढ्या भोकातून सुटलेली धार कातडीत शिरते. वर फक्त टोचल्यासारखी खूण दिसते, पण लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेलं हॉस्पिटल गाठावं लागतं, नाहीतर हात गमवायची वेळ येऊ शकते.

आता काटा पाहायचा. न्यूट्रलमध्येच दाब कमी असेल तर तुंबलेला सक्शन फिल्टर, रिलीफ व्हॉल्व्हमध्ये अडकलेला कचरा किंवा झिजलेला चार्ज पंप. काटा थरथरत असेल तर तेलात हवा शिरते आहे. ही सारी दुखणी बहुतेकदा मुख्य पंपाला हात न लावता बरी होतात. न्यूट्रलमध्ये आकडा बरोबर, पण लोड येताच काटा कोसळतो, तेव्हा मात्र मुख्य पंप किंवा मोटर आतून गळते आहे. बार-दोन बारची घट बहुतेक मशीनमध्ये चालते. दोघांपैकी दोषी कोण, ते केस ड्रेनच्या, म्हणजे आत झिरपलेलं तेल टाकीत नेणाऱ्या, नळीतून किती तेल परत येतं ते मोजल्यावर कळतं. मग खुशाल पंप उतरवावा.

मशीन नवं असतानाच चार्ज प्रेशरचा आकडा लॉगबुकात लिहून ठेवावा आणि दर सर्व्हिसला त्याखाली नवा. त्याच तापमानाला, इंजिनाच्या त्याच वेगावर 25 चे 23, 23 चे 21 होत गेले, तर ऑपरेटरला ओढ कमी वाटण्याच्या कितीतरी आधी फिल्टर उघडून पाहता येतो.