ताजच्या नृत्यगृहातील वाद्यवृंद

भोजन आणि गायनवादन यांची सांगड आपल्याकडे फारशी कधी घातली गेली नाही. पंगतीत श्लोक म्हणण्याचा प्रघात होता खरा. पण तो श्लोक जेवणाऱ्यानेच म्हणावयाचा असे, आणि दरमहा वेतनावर बसविलेल्या गवयाने तो म्हणावा व पाहुण्यांनी भातावर तूप वाढून घेत तो ऐकल्यासारखा करावा, ही कल्पना कोणा यजमानाच्या मनाला शिवलीही नसती. बैठक बसावयाची ती जेवणे उरकून पानदान फिरल्यानंतर, आणि तेथे ख्याल चालू असता खाण्याची चुळबुळ करणे म्हणजे गवयाची इतराजी ओढवून घेणे. मोठ्या हॉटेलात रात्रीच्या खान्याबरोबर वाद्यवृंद वाजविण्याची जी रीत गेल्या शतकात मुंबईत रुजली ती म्हणूनच सर्वस्वी परकी होती. तरीही तिचे जे फळ होते ते शेवटी, त्या भोजनगृहाचा उंबरा ज्यांनी जन्मात ओलांडला नाही त्यांच्याच पदरात पडले, आणि हा प्रवास कसा घडला हे पाहण्यासारखे आहे.

ज्या ताजमहाल हॉटेलात ही रीत सर्वांत थाटाने पाळली गेली ते १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडले. जमशेटजी टाटांना कोणा गोऱ्या मालकाच्या हॉटेलात प्रवेश नाकारला गेला आणि त्या अपमानातून ही वास्तू उभी राहिली, ही लोकप्रिय हकिकत आख्यायिका म्हणूनच सोडून देणे बरे. एवढा व्याप मांडण्याइतके मोठे कारण त्या दूरदर्शी गृहस्थाला मुंबई शहरातच दिसत असले पाहिजे. इमारतीचे नकाशे रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी काढले व काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी तडीस नेले. चेंबर्सचे नाव पर्यटकांना सांगितले जाते. वैद्यांचे नाव मात्र मराठी माणसालाही क्वचितच ठाऊक असते. समोरचे गेटवे ऑफ इंडिया १९२४ साली खुले झाले, म्हणजे तोवर दोन दशके बोटीने येणाऱ्या मुशाफराच्या नजरेत प्रथम भरत असे तो ताजचा घुमटच. पहिल्या महायुद्धात याच वास्तूत लष्करी इस्पितळ थाटले गेले होते.

महायुद्धानंतर पाश्चात्त्य जगात नृत्यभोजनाची टूम निघाली आणि ती आगबोटींबरोबर पूर्वेकडे आली. या भोजनाचा शिरस्ता आज चमत्कारिक वाटेल. सूप झाले की जोडप्याने उठावे, गुळगुळीत लाकडी फरशीवर फॉक्सट्रॉटची एक फेरी घ्यावी, परत येऊन मासळीला हात घालावा, आणि मग वॉल्ट्झ सुरू झाला की नॅपकिन खुर्चीवर टाकून पुन्हा उठावे. बटलरची यात मोठी तारांबळ होत असणार. कारण पदार्थ गरम तर पोचला पाहिजे, पण खाणारा जागेवर असेल तेव्हाच. म्हणून स्वयंपाकघर आणि वाद्यमंच यांच्यात एक अलिखित करार असे: गत किती लांबवायची, दोन गतींमध्ये किती थांबायचे, हे वाद्यवृंदाच्या नायकाला जेवणाचा रंग पाहून ठरवावे लागे. ऐकणाऱ्यांनी पुरते ऐकू नये, तरी बंद पडले तर तत्काळ ध्यानात यावे, असे वाजवीत राहणे हे किती अवघड काम आहे, याची कल्पना मैफलीच्या कलावंताला येणार नाही.

१९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला ताफा घेऊन ताजमध्ये दाखल झाला आणि मुंबईने खऱ्या अर्थाने जाझ ऐकले. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ आला. त्याच्या वाद्यवृंदाने १९३६ मध्ये या हॉटेलाचे नाव धारण करणारा एक फॉक्सट्रॉट ध्वनिमुद्रितही केला. शांघायमध्ये नाव कमावलेला पियानोवादक टेडी वेदरफर्डही याच मंचावर बसला आणि पुढे कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात वाजवू लागला. १९४५ साली त्याच शहरात पटकीने त्याचा अंत झाला. स्वदेशात ज्यांना अनेक हॉटेलांत पाहुणे म्हणून पाऊल टाकण्याची मुभा नव्हती, त्यांच्या तालावर येथे संस्थानिक आणि साहेबलोक नाचत होते. साम्राज्याच्या नीतिशास्त्रात अशा विसंगती विपुल आहेत. या एका विसंगतीने निदान संगीताचा फायदा केला.

परंतु परदेशी ताफे हंगामापुरते येत आणि जात. उरले ते गोव्याचे वादक. पोर्तुगीज अंमलात गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना धर्मशिक्षणाबरोबर स्वरलेखन वाचण्याचे आणि व्हायोलिनचे धडे मिळत. पोटासाठी मुंबई गाठणाऱ्या त्या पोरांजवळ दुसरी इस्टेट नसली तरी ही विद्या असे. धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या नावाने चालणाऱ्या 'कुडां'त एक पेटी आणि अंथरूण यांपुरती जागा मिळवून, बोटीवर किंवा हॉटेलात नेमणूक होईल याची ते वाट पाहत. यांतलाच हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ पुढे 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रंपेट फुंकू लागला आणि त्याला लोक हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. मिकी कोरिया यांच्या वाद्यवृंदाने तर १९३९ पासून सुमारे दोन दशके ताजचा मंच सांभाळला. सरकार बदलले, पाहुण्यांचा वर्ण बदलला, पण वाद्यवृंद तोच राहिला.

आता खरी गोष्ट येते. हॉटेलाची नोकरी रात्रीची, त्यामुळे दिवस मोकळा. आणि दिवसा चित्रपटांचे ध्वनिमुद्रण चाले. पुणतांब्यास जन्मलेले, पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांपाशी शिकलेले रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांना आपल्या चालींवर पाश्चात्त्य साज चढवावयाचा होता. ते पेटीवर चाल ऐकवीत. समोरचा गोमंतकीय वादक ती कानाने टिपून पाच रेघांवर उतरवी, कोठे ट्रंपेटने उत्तर द्यावयाचे, कोठे सॅक्सोफोनने खाली गुणगुणावयाचे हे मांडी, आणि प्रत्येकाच्या वाट्याचा कागद नकलून त्याच्या पुढ्यात ठेवी. रागाची बढत एकाला ठाऊक, स्वरमेळाची बांधणी दुसऱ्याला. दोघांच्या मध्ये हार्मोनियम, पेन्सिल आणि बंबइया हिंदी. चिक चॉकलेट या कामात चितळकरांचा उजवा हात होता. 'शहनाई'पासून (१९४७) चितळकरांनी चालविलेला हा प्रयोग 'समाधी' (१९५०) आणि 'अलबेला' (१९५१) या चित्रपटांत असा काही जमून गेला की, ताजच्या नृत्यगृहातील तुतारी विदर्भातल्या तंबूतल्या प्रेक्षकालाही आपली वाटू लागली.

'अलबेला'चे निर्माते, दिग्दर्शक आणि नायक भगवान आबाजी पालव हे गिरणी कामगाराचे चिरंजीव. त्यांचे ते खांदे किंचित उडवीत, जागच्या जागी पाय टाकीत नाचणे आमच्या गणपतीच्या मिरवणुकीत इतके मुरले आहे की, त्याचे आजोळ कोणी विचारत नाही. विचारले तर एक वाट लालबागेतून सरळ अपोलो बंदरावरच्या ताजपर्यंत जाते. संगीताच्या शुद्धतेचे अभिमानी या संकरावर त्या काळी नाके मुरडीत होते. त्यांच्या विद्वत्तेचा आदर राखूनही म्हणावेसे वाटते की, जे संगीत मुळात खाणाऱ्यांच्या कलकलाटात तगून राहण्यासाठी घडले होते, तेच मिरवणुकीच्या गोंगाटात तगून राहावे, यात नवल नाही.

दारूबंदीचे प्रकरण थोडक्यात सांगतो. खेर मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबईत ती प्रथम आणली. पुढे १९४९ च्या कायद्याने आणि मोरारजीभाईंच्या निग्रहाने १९५० पासून ती कडक झाली. परवानाधारक आणि परदेशी पाहुणे वगळता मेजावरचे पेले कोरडे पडले. या हुकमाने वाद्यवृंदांचे दिवाळे निघेल असा अनेकांचा होरा होता. घडले ते उलटेच. मद्याने गिऱ्हाईक बांधून ठेवता येईना तेव्हा मालकांनी संगीताने ते बांधले, आणि चर्चगेटच्या रस्त्यावर गेलॉर्डसारखी भोजनगृहे, अ‍ॅस्टोरियातील व्हेनिससारखे जाझचे अड्डे याच कोरड्या काळात रंगात आले. कॉफी आणि कटलेटवर रात्र काढणारा नोकरदार तरुण श्रोता या भोजनगृहांनी घडविला, आणि तो ताजच्या पाहुण्यापेक्षा अधिक लक्ष देऊन ऐकत असे.

उतरण आली ती सत्तरीच्या आगेमागे. तबकडी वाजविणारा एक इसम बारा वादकांच्या पगारात बचत करतो, हे गणित डिस्कोथेकने मालकांना शिकविले. ताजने पुढे 'तंजोर' या आपल्या भोजनगृहात सतार आणि शास्त्रीय नृत्य ठेवून पाहिले. पाहुण्यांना ते आवडेही. पण फॉक्सट्रॉट जेवणाच्या लयीसाठीच बेतलेला होता, भरतनाट्यम् तसे नाही. नर्तकीच्या अभिनयासमोर काटेचमचे वाजू लागले की कोणातरी एकाचा अवमान होतोच.

आज मोठ्या हॉटेलांत संध्याकाळी पियानो वाजतो, कोठे एखादी गायिका आधी मुद्रित करून आणलेल्या साथीवर गाते. भोजनपत्रिकेत चीज कोणत्या गावचे आणि वाइन कोणत्या सालची हे तपशीलवार छापलेले असते. वाजविणाऱ्याचे नाव बहुधा त्यात नसते. चित्रपटांच्या श्रेयनामावलीतही ट्रंपेटवाल्यांची आणि स्वरलेखन करणाऱ्यांची नावे वर्षानुवर्षे आली नाहीत, ती आता अभ्यासकांना वृद्ध वादकांच्या घरी जाऊन, जुनी छायाचित्रे पालथी घालून जुळवावी लागत आहेत. निदान या पियानोवाल्याच्या बाबतीत तो खटाटोप टाळता येईल. पत्रिकेच्या तळाशी एका ओळीची जागा असतेच.