आण्णांचा ट्रॅक्टर आणि आपलं मेकॅनिक्स

मित्रांनो, सेमिस्टर संपली की आपण सगळे बॅगा भरून गावाला पळतो. मेसच्या त्याच त्या भाजीतून सुटका होते, पण एका गोष्टीतून होत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटतं, पोरगं इंजिनिअरिंगला आहे म्हणजे त्याला सगळं कळतं! पंप बंद पडला, विचारा त्याला. मिक्सर जळला, दाखवा त्याला. आणि आपल्याला तर फक्त थर्मोचे न्यूमेरिकल्स येतात, तेही परीक्षेपुरते.

गेल्या उन्हाळ्यात माझ्यावर अशीच वेळ आली. आमचं गाव माढ्यापासून जवळच. चुलत्यांची, म्हणजे आण्णांची, चार एकर डाळिंबाची बाग आहे. माझा चुलतभाऊ अमेरिकेत असतो. त्याने घरासमोरच्या हिरवळीवर छोट्याशा ट्रॅक्टरवर बसून गवत कापतानाचा फोटो पाठवला. आण्णांनी फोटो मोठा करून करून पाहिला आणि मला हाक मारली, "आरं, हे बघ. असला बारका ट्रॅक्टर आपल्या बागंत चालंल का? का सरळ पंचेचाळीसचा घेऊ? तू मेकॅनिकलचा ना? सांग की!"

खरं सांगतो, मला उत्तर आलं नाही. मग पंधरा दिवस मी वही, टेप आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो. तुमच्याही घरी हा प्रश्न आज ना उद्या येणारच आहे.

फोटोतला तो ट्रॅक्टर नक्की कोणता?

अमेरिकेत घरं मोकळी, भोवती अर्धा-एक एकर हिरवळ. तिथे 'लॉन ट्रॅक्टर' नावाचं यंत्र मिळतं. इंजिन बहुधा पेट्रोलवर चालणारं, पोटाखाली गवत कापायची पाती, आणि बसायला सीट. दिसायला ट्रॅक्टर, पण काम एकच, गवत कापणे. त्याला आपल्या ट्रॅक्टरसारखी मागे तीन दांड्यांची हायड्रॉलिक लिफ्ट नसते. म्हणजे कुळव, रोटर, फवारणीचा ब्लोअर यातलं काहीच त्याला जोडता येत नाही. आपल्या काळ्या रानात तो खेळणंच ठरेल.

हे यंत्र शोभेल ते आपल्या कॉलेजच्या ग्राउंडवर. गणित सोपं आहे. ४२ इंची पातं म्हणजे १.०७ मीटर रुंदी. ताशी ६ किमी वेग आणि वळणावळणात जाणारा वेळ धरून ८० टक्के कार्यक्षमता. तासाला सुमारे ५,१०० चौरस मीटर, म्हणजे सव्वा एकर. फुटबॉलचं मैदान साधारण ७,००० चौरस मीटरचं असतं, ते दीड तासात उरकेल. हाताने ढकलायच्या अर्धा मीटर रुंदीच्या मशीनने त्यालाच सहा तास लागतील. ग्राउंड सांभाळणाऱ्या मामांनी हा परिच्छेद कापून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवायला हरकत नाही!

त्याच्या वरचा वर्ग म्हणजे 'कॉम्पॅक्ट' ट्रॅक्टर. याला लिफ्ट असते, पीटीओ शाफ्ट असतो, आणि शेतीची अवजारं जोडता येतात. यालाच आपण मिनी ट्रॅक्टर म्हणतो. गंमत म्हणजे हा व्यवहार एकतर्फी नाही. महिंद्राने १९९४ मध्ये अमेरिकेत कंपनी काढली आणि तिकडच्या घरमालकांना ट्रॅक्टर विकायला सुरुवात केली. आपल्याकडे महिंद्राचा १५ एचपीचा युवराज २१५, कुबोटाचा २१ एचपीचा निओस्टार, आणि व्हीएसटीचे पॉवर टिलर हे सोलापूर भागातल्या बागाइतदाराच्या ओळखीचे. तेव्हा आण्णांचा प्रश्न 'लॉन ट्रॅक्टर का मोठा' असा नसून 'मिनी का मोठा' असा होता.

पहिला प्रश्न एचपीचा नाही, टेपचा

शोरूममध्ये गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती एचपीचा पाहिजे?" मी आण्णांना म्हटलं, "आण्णा, आधी टेप घेऊन बागेत चला."

आमची लागवड ४.५ बाय ३ मीटरची. म्हणजे दोन ओळींत साडेचार मीटर. पण झाडाचा घेर मोजला तर तीन मीटर भरला. उरलं काय? दीड मीटर! पंचेचाळीस एचपीच्या ट्रॅक्टरची रुंदी साधारण पावणेदोन मीटर. म्हणजे तो जाणार तो फांद्या ओरबाडतच जाणार. मिनी ट्रॅक्टरचे अरुंद मॉडेल एक मीटरच्या आसपास असतात. ते आरामात जातात.

आता फांदी मोडली तर मोडली, त्यात काय एवढं? इथंच खरी गोम आहे. डाळिंबावरचा तेल्या हा रोग जिवाणूंमुळे होतो, आणि जखमेतून जिवाणू सहज आत शिरतो. मर रोगाची बुरशीही मुळांच्या जखमांतून आत जाते, म्हणून खोडाजवळ खोल रोटर मारणं धोक्याचं. तेल्याने बागाच्या बागा काढून टाकाव्या लागल्याचं आपल्या जिल्ह्याने पाहिलं आहे. डाळिंबावरचं राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ मध्ये सोलापुरात आलं, सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एवढं नाव असलेलं पीक चुकीच्या रुंदीच्या ट्रॅक्टरने स्वतःच जखमी करायचं का?

द्राक्षवाल्यांनीही हेच करावं. ओळीतलं अंतर आठ ते दहा फूट असलं तरी मांडवाची उंची आणि तारांचे आडवे अँगल मोजा. ड्रायव्हर बसल्यावर त्याचं डोकं कुठे येतं तेही बघा.

एचपी आहे, पण ओढ कुठे आहे?

आण्णांची शंका रास्त होती. "पंधरा एचपीत काय नांगर ओढणार?"

पॉवर म्हणजे बल गुणिले वेग. १५ एचपी म्हणजे सुमारे ११ किलोवॅट. त्यातले ६० टक्के ओढायला मिळाले असं धरू, म्हणजे ६.६ किलोवॅट. ताशी ३ किमी, म्हणजे सेकंदाला ०.८३ मीटर वेगाने चाललो तर कागदावर ओढ निघते सुमारे ८०० किलो. वा!

पण थांबा. चाक जमिनीला धरतं ते वजनाच्या जोरावर. ट्रॅक्टरचं वजन ८०० किलो आणि भुसभुशीत रानात पकड साधारण निम्मी धरली, तर खरी ओढ ४०० किलोच्या वर जात नाही. ती सुद्धा सगळं वजन चालत्या चाकांवर असेल तर. फोर व्हील ड्राइव्हचा फायदा इथे कळतो. इंजिन आणखी मोठं टाकलं तर चाक नुसतं जागच्या जागी फिरेल. म्हणजे हलक्या ट्रॅक्टरची मर्यादा एचपीची नसून वजनाची आहे.

मग हलक्या ट्रॅक्टरची ताकद वापरायची कशी? पीटीओ शाफ्टमधून! रोटर आणि ब्लोअर ही अवजारं ओढीवर नाही, फिरत्या शाफ्टवर चालतात. रोटरची पाती तर मातीला मागे ढकलून ट्रॅक्टरला थोडं पुढेच रेटतात. म्हणून मिनी ट्रॅक्टर घेताना इंजिनचा एचपी विचारून थांबू नका, 'पीटीओ एचपी किती' हे विचारा. तो इंजिनपेक्षा नेहमी कमी असतो. आणि खोल पल्टी नांगरट? ती दोन-तीन वर्षांतून एकदा लागते, तीही बागेत नाही. तेवढ्यापुरता मोठा ट्रॅक्टर भाड्याने आणावा.

पुढची चाकं उचलली तर?

आता आपला पहिल्या वर्षाचा अप्लाइड मेकॅनिक्स आठवा. मोमेंट घ्यायचे आहेत, घाबरू नका.

समजा ट्रॅक्टर ८०० किलोचा, दोन अॅक्सलमधलं अंतर १.४ मीटर, आणि पुढच्या अॅक्सलवर ४० टक्के वजन, म्हणजे ३२० किलो. मागे लिफ्टवर २०० लिटरचा ब्लोअर चढवला. पाणी २०० किलो, सांगाडा १२० किलो, एकूण ३२० किलो, मागच्या अॅक्सलपासून १ मीटर मागे. मागच्या अॅक्सलभोवती मोमेंट घेतले तर पुढचं वजन कमी होणार ३२० × १ ÷ १.४, म्हणजे जवळपास २२९ किलोने. पुढे उरले फक्त ९१ किलो!

स्टिअरिंग नीट चालायला पुढच्या अॅक्सलवर ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान २० टक्के भार असावा असा नियम आहे, म्हणजे इथे १६० किलो. आपण बरेच खाली आलो. बांध चढताना अशा ट्रॅक्टरचं तोंड वर उठतं. उपाय स्वस्त आहे. पुढच्या अॅक्सलच्या अर्धा मीटर पुढे ७० किलोची वजनं लावली तर ७० × १.९ ÷ १.४, म्हणजे ९५ किलो वाढतात. एकूण १८६ किलो. पास!

म्हणजे कंपनीच्या कागदावर 'लिफ्ट क्षमता ७०० किलो' लिहिलं असलं तरी ती उचलण्याची ताकद आहे. उचलून सुरक्षित चालण्याची नव्हे. ब्लोअर मोठा हवा असेल तर स्वतःच्या चाकांवर ओढायचा घ्यावा.

घरचा का भाड्याचा?

आता सगळ्यात नाजूक विषय. आण्णांचं म्हणणं, "दारात ट्रॅक्टर असला की गावात वट राहती." वटीचं गणित मला येत नाही, पण तासाचं येतं. खालचे आकडे समजण्यापुरते आहेत, तुम्ही आपल्या गावचे दर घाला.

समजा ट्रॅक्टर अवजारांसह ४ लाखांना, दहा वर्षांनी विकून दीड लाख. घसारा वर्षाला २५,००० रुपये. सरासरी गुंतवणूक पावणेतीन लाख, त्यावर १० टक्क्यांनी व्याज २७,५००. विमा, सर्व्हिसिंग १२,५००. एकूण ६५,००० रुपये वर्षाला, ट्रॅक्टर उभा राहिला तरी! वर डिझेल आणि ड्रायव्हर मिळून तासाला ३०० धरू. भाड्याचा दर तासाला ८०० असेल तर प्रत्येक तासाला ५०० वाचतात. ६५,००० भागिले ५०० म्हणजे १३० तास. वर्षाला १३० तासांपेक्षा जास्त काम असेल तरच घरचा परवडतो.

आमच्या चार एकरांचं काम मांडलं. वीस फवारण्या, एकरी एक तास, ८० तास. चार वेळा रोटर, एकरी दीड तास, २४ तास. शेणखत, किरकोळ वाहतूक, २० तास. बेरीज १२४. म्हणजे काठावर नापास! मी आकडा सांगितला तेव्हा आण्णा गप्प झाले. त्यांनी वही हातात घेतली आणि बराच वेळ नुसती बघत बसले. गेल्या दोन हंगामांत त्यांनी किती कर्ज फेडलंय ते मला ठाऊक होतं. हप्ता चुकला की रात्री झोप येत नाही, हे पुस्तकात कुठे येत नाही.

अनुदानाचंही सांगतो. महाडीबीटी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणाचा अर्ज करता येतो, पण पूर्वसंमतीचं पत्र येण्याआधी खरेदी केली तर अनुदान जातं. घाई करू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा कोटेशन घेताना कर किती लावलाय तेही बघा.

आणि माल वाहायचा कशात?

अमेरिकेत शेतावर फिरायला, किरकोळ सामान न्यायला चार चाकांची 'युटिलिटी व्हेईकल' असते. आपल्याकडे ते काम २००५ मध्ये आलेल्या टाटा एसने, म्हणजे छोट्या हत्तीने उचललं. गंमत बघा, त्या पहिल्या गाडीचं इंजिन १६ एचपीचं, म्हणजे मिनी ट्रॅक्टरएवढंच! फरक गिअरचा. ट्रॅक्टर तीच ताकद कमी वेगात जास्त ओढीला लावतो, छोटा हत्ती जास्त वेगाला. पाऊण टन माल म्हणजे २० किलोचे ३७ क्रेट. रानातून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर, रस्त्यापासून सोलापूरच्या मार्केटपर्यंत छोटा हत्ती. ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन हायवेवर तासन् तास जाण्यात डिझेल जातं आणि जीव टांगणीला लागतो.

एक गोष्ट विसरू नका

पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. ६ सेंटीमीटर जाडीच्या शाफ्टवर उपरण्याचं टोक अडकलं तर अर्ध्या सेकंदात ८५ सेंटीमीटर कापड गुंडाळलं जातं. हात क्लचकडे जायच्या आत सगळं संपतं. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर 'अडचण होती' म्हणून काढून ठेवलेलं मी कितीतरी ठिकाणी पाहिलंय. जुना ट्रॅक्टर घेताना आधी ते कव्हर बघा. बहिणीची ओढणी, आईचा पदर, वडिलांचं उपरणं... सुट्टीत घरी गेल्यावर एवढं एक काम नक्की करा.

मग आण्णांनी काय केलं?

शेजारच्या बांधाला तीन एकराची बाग आहे. त्यांचं काम धरून तास २२० च्या वर गेले. आण्णा एका संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. दोघांत मिळून एक अरुंद, फोर व्हील ड्राइव्हचा मिनी ट्रॅक्टर ठरला. मी एकच हट्ट धरला. डिझेल कुणाचं, दुरुस्ती कुणाची, फवारणीच्या घाईत पहिला नंबर कुणाचा, हे सगळं कागदावर लिहून सह्या करायच्या. आण्णा हसले. म्हणाले, "आरं, शेजाऱ्यात कसला कागद?" मी म्हटलं, "आण्णा, ट्रॅक्टर बिघडला तर पार्ट मिळतो. शेजार बिघडला तर मिळत नाही." त्यांनी सही केली.

तर दोस्तांनो, घरी विचारलं की "कितीचा घेऊ?" तर लगेच एचपी सांगू नका. टेप काढा, तास मोजा, मोमेंट घ्या, आणि मग शोरूमला जा. चार वर्षं आपण जे शिकतो ते पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडलं, याचा आनंद डिस्टिंक्शनपेक्षा कमी नसतो, हे अनुभवाने सांगतो!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी