वाफेचे तारण : केनियातील भूऔष्णिक वीज

कर्जाचा प्रस्ताव समोर आला की प्रथम तारण तपासले जाते. परंतु ते तारणच जमिनीखाली दोन-तीन किलोमीटर खोल दडलेले असेल आणि कोट्यवधी रुपये खर्चून विहीर खणल्याखेरीज त्याचा थांग लागणार नसेल, तर? भूऔष्णिक वीजनिर्मितीतील मूळ अडचण हीच आहे. पूर्व आफ्रिकेतील केनियाने तिच्यावर काढलेला मार्ग अभ्यासण्याजोगा आहे.

केनियातून जाणाऱ्या प्रचंड खचदरीत तप्त शिलारस भूपृष्ठाच्या तुलनेने जवळ आहे. खडकांत मुरलेले पाणी तेथे तापते. विंधनविहिरीतून वर येणाऱ्या वाफेवर टर्बाइन फिरते व उरलेले पाणी पुन्हा भूगर्भात सोडले जाते. इंधनाचा खर्च नाही आणि पावसाची प्रतीक्षाही नाही.

नैवाशा सरोवराजवळील ओल्कारिया येथे १९५०च्या दशकात खणलेल्या पहिल्या दोन विहिरी निष्फळ ठरल्या. १९८१ मध्ये तेथे १५ मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. तरीही देशाची मुख्य भिस्त जलविद्युतेवरच राहिली. १९९९-२००० च्या अवर्षणात धरणे आटली आणि वीजकपातीचे संकट ओढवले.

त्यानंतर शासनाने २००८ मध्ये भूऔष्णिक विकासासाठी स्वतंत्र सरकारी कंपनी स्थापन केली. विहिरी खणण्याचा धोका या कंपनीने पत्करावयाचा आणि हाती आलेली वाफ वीज उत्पादकांना विकावयाची, अशी ही योजना होती. तिला धीर मात्र पुष्कळ लागला. मेनेंगाई येथे २०११ मध्ये खोदाई सुरू झाली, तर तेथील ३५ मेगावॅटचे पहिले केंद्र २०२३ मध्ये कार्यान्वित झाले. आज देशातील विजेचा सुमारे चाळीस टक्के वाटा भूगर्भातून येतो.

या यशाला दुसरी बाजूही आहे. ओल्कारियाच्या चौथ्या प्रकल्पासाठी २०१४ मध्ये मासाई कुटुंबांचे स्थलांतर झाले. पुनर्वसनाबद्दलच्या त्यांच्या तक्रारी कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेपर्यंत पोहोचल्या आणि मध्यस्थी करावी लागली.

लडाखमधील पुगा खोऱ्यात भूऔष्णिक विजेसाठी २०२१ मध्ये ओएनजीसीने करार केला. तेथेही पहिला प्रश्न तोच राहील : वाफ हाती येण्यापूर्वीचा धोका कोणी वाहावयाचा? तो ज्याला पेलेल त्याने उचलला, तरच पुढील कर्जपुरवठ्याला आधार मिळतो.