नाव एकाचं, जमीन दुसऱ्याची: ट्रस्ट ही युक्ती आली कुठून?

या भागाचं हे लिखित रूप. बोलताना दर वाक्याला येणारं माझं 'म्हणजे' बरंचसं काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात तुमच्या मोबाइलपासून करू. सीडीएसएलचं डीमॅट खातं असेल तर अ‍ॅपमध्ये प्रोफाइल उघडा. तिथे १६ आकडी 'बीओ आयडी' दिसेल. मी तीन-चार वर्षं तो नंबर कॉपी-पेस्ट करत होतो आणि बीओ म्हणजे 'बॅक ऑफिस' असेल असं धरून चाललो होतो. खरं तर बीओ म्हणजे बेनिफिशियल ओनर, लाभार्थी मालक. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याप्रमाणे तुमच्या शेअर्सची नोंदणीकृत मालक असते डिपॉझिटरी. लाभांश मात्र तुमचा, मत तुमचं, विकायचं की ठेवायचं तेही तुम्हीच ठरवणार.

आता एकाच वस्तूला दोन मालक कसे? एक कागदावरचा आणि एक खरा, असं म्हणावं तर कागदावरचाही खोटा नाहीच. ही मालकीची फोड कुणी केली हे शोधत गेलो आणि थेट मध्ययुगीन इंग्लंडमध्ये पोचलो.

तिथली जमिनीची व्यवस्था सरंजामी होती. राजाकडून सरदाराकडे, सरदाराकडून त्याच्या हाताखालच्याकडे, अशी जमीन उतरत यायची. जमीनधारक मेला की वारसाने वरच्याला पैसे मोजायचे, आपल्याकडे वतनाच्या वारसाला नजराणा भरावा लागे तसाच प्रकार. वारस लहान असला तर आणखी वाईट. तो वयात येईपर्यंत जमीन वरच्या सरदाराच्या ताब्यात, उत्पन्न त्याच्या खिशात, आणि त्या पोराचं लग्न कुणाशी लावायचं हेही तोच ठरवणार (हा हक्क चक्क विकलाही जायचा). वर जमिनीचं मृत्युपत्र करता यायचं नाही. सगळं थोरल्या मुलाला. धाकट्याला किंवा मुलीला तुकडा द्यावासा वाटला तरी मरताना तशी सोय नव्हती.

मग लोकांनी डोकं चालवलं. जिवंतपणीच जमीन चार विश्वासू मित्रांच्या नावावर करायची आणि सांगायचं, 'ही माझ्या उपयोगासाठी धरा, माझ्यानंतर अमक्या-अमक्याला द्या.' या व्यवस्थेला 'यूज' म्हणत. मूळ लॅटिन शब्द 'ओपुस', अर्थ साधारण 'अमक्याच्या हितासाठी'. पुढे ज्याला ट्रस्ट म्हणू लागले ते हेच.

चार मित्र का, एक का नाही? यातली गंमत मला फार आवडली. त्यांची मालकी सामाईक असे. एक मेला की त्याचा वाटा आपोआप उरलेल्या तिघांकडे जायचा. संख्या कमी झाली की नवे घ्यायचे. म्हणजे कागदावरचा मालक कधी मरतच नाही! आणि मालक मेलाच नाही तर सरदार वसुली कशाची करणार? आम्ही एक मशीन पडलं तरी सिस्टिम चालू राहावी म्हणून चार लावतो, अगदी तोच विचार.

क्रुसेडला निघालेला सरदार जमीन मित्राच्या नावावर करून जातो, ही गोष्टही हमखास सांगतात. रंगतदार आहे. मला फ्रान्सिस्कन भिक्षूंची जास्त आवडते. हे लोक १२२४ मध्ये इंग्लंडमध्ये आले. व्रत असं की मालकीचं काहीच ठेवायचं नाही. पण डोक्यावर छप्पर तर हवं! मग घर गावाच्या किंवा एखाद्या दात्याच्या नावावर, राहणार भिक्षू. पुढे या 'आम्ही फक्त वापरतो' वरून पोपच्या दरबारातही प्रचंड वाद झाला. जी भाकरी खाऊन संपते ती नुसती 'वापरली' असं म्हणता येतं का, या थराला लोक गेले.

बरं, आता खरा प्रश्न. मित्र फिरला तर?

राजाच्या न्यायालयात जाऊन उपयोग नव्हता. तिथले न्यायाधीश कागद बघणार आणि म्हणणार, जमीन त्याची आहे, तुमचा काय संबंध? मग फसलेले लोक अर्ज घेऊन लॉर्ड चान्सलरकडे जाऊ लागले. तो राजाचा मोठा मंत्री आणि त्या काळी बहुतेक वेळा बिशप. पंधराव्या शतकात त्याच्या दरबारात हे अर्ज नेहमीचे झाले. त्याने काय केलं ते नीट बघा, कारण सगळी मेख इथेच आहे. 'कागद चुकीचा आहे' असं तो म्हणालाच नाही. तो त्या मित्राला बोलावून सांगायचा: जमीन तुझीच, मान्य. पण शब्द दिला होतास, तेव्हा ती स्वतःसाठी वापरणं तुझ्या सद्सद्विवेकाला शोभत नाही. ठरल्याप्रमाणे वाग, नाहीतर तुरुंगात बस.

म्हणजे आदेश माणसाला, जमिनीला नाही. रेकॉर्डला हात न लावता त्याने एक नवा हक्क तयार केला. मग प्रश्न वाढत गेले. मित्राने जमीन मुलाला दिली तर? मुलगाही बांधलेला. ही भानगड माहीत असलेल्याने विकत घेतली तर? तोही बांधलेला. फक्त ज्याने पुरेपूर पैसे मोजले आणि ज्याला काहीच कल्पना नव्हती, तो सुटला. इतक्या लोकांवर चालणारा हक्क जवळजवळ मालकीच झाली की!

यात राजाचं उत्पन्न बुडत होतं. आठव्या हेन्रीने १५३६ मध्ये कायदा करून घेतला: ज्याच्या उपयोगासाठी जमीन धरलीय तोच कायदेशीर मालक, मधले मित्र बाद. मृत्युपत्राची मागची वाटही बंद झाली आणि जमीनदार खवळले. त्याच वर्षी उत्तरेत जे बंड झालं त्याच्या तक्रारींत हा कायदाही होता. १५४० मध्ये राजाला नमतं घेऊन बऱ्याचशा जमिनीचं मृत्युपत्र करायची मुभा द्यावी लागली. वकीलही गप्प बसले नव्हते. कायदा एक 'यूज' उडवतो ना? मग एकावर दुसरा रचा. पहिला उडेल, दुसरा राहील. १५५७ मध्ये न्यायालयाने दुसरा चालणार नाही म्हटलं, पण सतराव्या शतकात चान्सलरच्या दरबाराने तो मान्य केला. त्यालाच ट्रस्ट हे नाव चिकटलं.

भारतात हे इंग्रजांबरोबर आलं, पण जसंच्या तसं रुजलं नाही. १८८२ च्या इंडियन ट्रस्ट्स अ‍ॅक्टमध्ये मालक एकच, विश्वस्त. लाभार्थ्याकडे असतो तो विश्वस्ताविरुद्धचा हक्क. आणि आपल्याकडे आधीपासून वेगळीच पद्धत होतीच: बेनामी. पैसा माझा, नाव मेव्हण्याचं. १८५४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने बंगालच्या एका खटल्यात हे मान्यही केलं होतं: नाव कुणाचंही असो, पैसा कुणी दिला ते पाहा. १८८२ च्या कायद्यात कलम ८२ होतं, तेही याच अर्थाचं.

आता ज्या कारणासाठी हा भाग केला ते सांगतो. माझ्या एका मित्राची आत्या मस्कतला नर्स होती. २०१८ मध्ये तिने गावाजवळ एनए प्लॉट घेतला. पैसे सगळे तिचे. नोंदणीला यायला सुट्टी नव्हती, म्हणून खरेदीखत भावाच्या नावावर केलं. 'नंतर बघू.' यंदा ती कायमची परत आली, आणि मित्राने मला सहज विचारलं, ट्रस्टवर वाचतोयस ना, मग ही आत्या बेनिफिशियल ओनरच झाली की नाही?

झाली, पण भलत्याच अर्थाने. १९८८ च्या बेनामी कायद्याने ते कलम ८२ काढून टाकलं. 'प्लॉट खरा माझा' असा दावा भावाविरुद्ध लावता येत नाही. २०१६ च्या दुरुस्तीने तर बेनिफिशियल ओनर हा शब्दच कायद्यात आणला, तोही आरोपीच्या खुर्चीत बसवून: मालमत्ता जप्त होऊ शकते, एक ते सात वर्षं कैद, शिवाय बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड. पैसे पगाराचे, बँकेतून आलेले, म्हणून सगळ्यांनाच सूट मिळत नाही. नवरा-बायको आणि मुलांच्या नावावर घेतलं तर चालतं. भाऊ-बहिणीच्या बाबतीत मात्र पैसे देणाऱ्याचं नावही कागदावर जोडीने हवं. आत्याचं नाव खरेदीखतात दुसऱ्या क्रमांकावर असतं तरी भागलं असतं. किंवा मस्कतमधूनच कुलमुखत्यारपत्र पाठवून थेट तिच्याच नावावर खरेदी झाली असती. रीतसर ट्रस्ट करायचा तर स्थावर मालमत्तेसाठी सहीचा, नोंदणी केलेला दस्त लागतो. तोंडी शब्द पुरत नाही.

आणि भाऊ फिरलेला नाहीये, हे महत्त्वाचं. तो म्हणतो, चल उद्याच तुझ्या नावावर करतो. पण बेनामी ठरलेली मालमत्ता बेनामीदाराने खऱ्या मालकाला परत करण्यावरही याच कायद्यात बंदी आहे. चान्सलरपुढे जे वागणं सद्सद्विवेकाचं ठरलं असतं, तेच इथे नव्या अडचणीत टाकू शकतं. म्हणून दोघांना सांगितलंय की घाईने बक्षीसपत्र वगैरे करू नका, बँकेची सगळी स्टेटमेंट घेऊन आधी मालमत्तेचं काम करणाऱ्या वकिलाकडे जा. शनिवारची वेळ मिळालीय. भाऊच गाडी चालवणार आहे.