वेग दुप्पट झाला, पल्ला तेवढाच

१९७० च्या दशकात अमेरिकेतील ओहायो राज्याने हरणाच्या शिकारीसाठी क्रॉसबोला, म्हणजे चाप असलेल्या आडव्या धनुष्याला, परवानगी दिली, तेव्हा बहुतेक राज्यांत तो निषिद्ध होता. बंदुकीसारखा आवाज नाही, म्हणून हे चोरट्या शिकाऱ्याचे हत्यार, असा त्याच्यावर शिक्का होता. साध्या धनुष्याने शिकार करणाऱ्यांचा आक्षेप वेगळा होता. दोरी ताणून धरायची आणि हात थरथरू न देता नेम साधायचा, यासाठी ते वर्षानुवर्षे घाम गाळत. क्रॉसबोत दोरी एकदा मागे अडकवली की यंत्रच ती धरून ठेवते. अनेक राज्यांत फक्त अपंगांनाच त्याचा खास परवाना मिळे.

पुढे हे चित्र पालटले. २००९ मध्ये पेनसिल्व्हेनिया आणि मिशिगन यांनी नियम सैल केले. २०१४ मध्ये विस्कॉन्सिनने क्रॉसबोचा स्वतंत्र हंगामच सुरू केला. ओरेगनने मात्र बंदी कायम ठेवली. या बदलामागे हरणांची संख्या होती. बेसुमार शिकारीमुळे १९०० च्या सुमारास पांढऱ्या शेपटीची हरणे अंदाजे पाच लाखांवर आली होती. संरक्षणामुळे ती आज तीन कोटींच्या घरात गेली आहेत. लांडगे आणि प्यूमा बहुतेक भागांतून नाहीसे झाले. उभी पिके आणि जंगलातली कोवळी रोपे हरणे फस्त करतात, रस्त्यांवर गाड्यांना धडकतात. दुसरीकडे शिकाऱ्यांचे वय वाढत होते. खांदे दुखू लागलेल्यांना क्रॉसबोमुळे आणखी काही हंगाम मिळाले.

हत्यारही बदलले. मिसुरीच्या हॉलेस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये कप्प्यांच्या धनुष्याचे पेटंट मिळाले आणि तीच युक्ती पुढे क्रॉसबोत आली. पूर्वी सेकंदाला दोनशे-अडीचशे फूट जाणारा बाण आता चारशेच्या पुढे जातो. त्यावर दुर्बीण बसवली की साठ-सत्तर यार्डांवरचे हरीणही आवाक्यात आहे असे वाटू लागते.

इथेच घात होतो. चाळीस यार्ड म्हणजे १२० फूट. हे अंतर कापायला चारशे फूट वेगाच्या बाणाला ०.३ सेकंद लागतो. दोरीचा आवाज तिथे सुमारे ०.१ सेकंदात पोचतो. दचकलेले हरीण उडी घेण्यासाठी आधी अंग खाली दाबते. त्याला त्यासाठी ०.२ सेकंद मिळतो. अंतर साठ यार्ड झाले की हाच अवधी जवळजवळ ०.३ होतो. मग फुप्फुसावर धरलेला नेम पाठीत लागतो आणि जखमी जनावर झाडीत तडफडत राहते. म्हणून जाणते शिकारी आजही तीस-चाळीस यार्डांपलीकडे बाण सोडत नाहीत. हरीण आडवे, शांत उभे असेल तरच सोडतात, आणि माग काढण्यापूर्वी निदान अर्धा तास थांबतात.

दुसरी जबाबदारी निगेची. पुढच्या रिकिबीत पाय रोवून, आकड्यांच्या दोराने दोरी ओढली की जोर निम्मा लागतो. शिवाय ती दोन्ही बाजूंनी सारखी येते. एका बाजूला जरा जास्त आली तरी बाण तिरका जातो. दोरीचे पीळ कोरडे दिसले की मेण चोळायचे, बाणाच्या खोबणीवर घासणाऱ्या भागाचे वेष्टण उसवले आहे का पाहायचे. धनुष्याच्या भुजांवरून कापसाचा बोळा फिरवायचा. धागे अडकले तर तिथे तडा आहे. बाण न लावता चाप कधीच ओढायचा नाही, कारण बाणात जायची सारी ताकद भुजांवर उलटते. ठरल्यापेक्षा हलका बाणही तेच नुकसान करतो. बोटे आणि अंगठा खोबणीच्या खालीच हवेत. दोरीच्या वाटेत आलेला अंगठा तुटू शकतो. मचाणावर चढताना दोरी चढवलेली नसावी. हत्यार मागाहून दोराने वर ओढून घ्यावे. अनेक क्रॉसबोंची चढवलेली दोरी हाताने उतरवता येत नाही; त्यांतून दिवसअखेर सरावाचा बाण लक्ष्यात सोडायचा. बाण रक्तस्रावाने मारतो, त्यामुळे बोथट पाते म्हणजे लांबलेले मरण.

भारताची वाट निराळी. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे उरलेसुरले परवानेही संपवले. महाराष्ट्रात चितळावर बाण सोडणे गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहिला पाहिजे. त्याच १९७२ मध्ये अमेरिकेने बंदुकांवरचा ११ टक्के कर धनुष्यबाणांनाही लावणारा कायदा केला. तो पैसा वन्यजीवांच्या कामी येतो. शिकाऱ्याच्या खिशातून जंगल सांभाळायचे, ही तिथली रीत.

या अर्धशतकात क्रॉसबोला दिलेली मोकळीक मला योग्य वाटते. मात्र दुकानात तो वेगाच्या आकड्यावर विकला जातो, हे मला खटकते. नव्या शिकाऱ्याला हरणाच्या दचकण्याचे गणित आणि दोरी तपासण्याची शिस्त आधी शिकवावी, मगच परवाना द्यावा. जीव घेण्याची मुभा समाजाने दिली असेल, तर तो कमीत कमी वेदनेने घेणे हे शिकाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि त्यात यंत्राची सबब चालत नाही.