परिचर्येच्या शिक्षणाकडे मुले का वळतात?

आपल्या रुग्णालयाच्या विद्यार्थी साहाय्य निधीतून दिवा व आसपासच्या परिसरातील, परिचर्या आणि वैद्यकीय तंत्रज्ञ अभ्यासक्रमांस जाणाऱ्या विद्यार्थ्यांना पुस्तके, गणवेश, वसतिगृह व प्रवास यांसाठी मदत दिली जाते, हे आमच्या देणगीदारांस विदित आहेच. अहवाल वर्षात दिलेल्या रकमांचा तपशील ताळेबंदासोबतच्या परिशिष्टात असल्याने त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही. मात्र विश्वस्त मंडळाच्या सभेत आणि देणगीदारांच्या पत्रांतून एक प्रश्न वारंवार पुढे आला : ही मुले या शिक्षणाकडे नेमकी कशासाठी येतात? सेवेच्या ओढीने, की केवळ नोकरीसाठी? आणि नोकरीसाठीच येत असतील, तर धर्मादाय संस्थेने त्यांना मदत का करावी? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पत्रातून दोन ओळींत देता येण्यासारखे नाही, म्हणून येथे सविस्तर मांडतो.

तत्पूर्वी हिशोबाची एक बाब. 2006 पासून लागू असलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना आपल्या एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी ठेवावी लागते, आणि तिचा विनियोग रुग्णांच्या उपचारांसाठीच करता येतो. विद्यार्थी साहाय्य निधी यापासून संपूर्णतः अलग असून तो केवळ त्या कारणासाठी आलेल्या देणग्यांतून उभा आहे. एखाद्या विद्यार्थ्याला दिलेला रुपया कोणा रुग्णाच्या खाटेवरून काढून घेतलेला नसतो, एवढे येथे स्पष्ट करणे आवश्यक वाटते.

आता अर्जांविषयी. साहाय्यासाठी येणाऱ्या बहुतेक अर्जांची पहिली ओळ सारखीच असते. लहानपणापासून रुग्णसेवेची आवड आहे, असे ती सांगते. ही ओळ खोटी असते असे आम्ही म्हणत नाही. ती शाळेतल्या निबंधातून आलेली असते, आणि मोठ्या माणसांना काय ऐकायला आवडते हे मुलांना पक्के ठाऊक असते. मुलाखतीत मात्र पालकांना थोडा वेळ बाहेर बसवून चहा पुढे केला, की दुसरी कारणे हळूहळू समोर येतात. आजीचे डायलिसिस चालू असताना त्या यंत्राजवळ रोज बसून राहिलेल्या मुलीला ते यंत्र चालवायला शिकायचे असते. कोणाच्या वडिलांची कंपनी बंद पडलेली असते आणि धाकट्या भावाची फी समोर असते. कोणाला डॉक्टर व्हायचे होते, पण 'नीट' परीक्षेत तेवढे गुण मिळाले नाहीत. कोणी सांगते, की बी.कॉम. करून वर्षभर घरी बसलेली ताई पाहिली, तसे नको. (आमच्या कार्यालयात वाणिज्य पदवीधर बरेच आहेत. त्यांना हे वाक्य दरवर्षी ऐकून घ्यावे लागते.) आणि काही मुली, अगदी खालच्या आवाजात, असेही सांगतात की एकदा प्रवेश मिळाला म्हणजे तीन-चार वर्षे तरी घरात लग्नाचा विषय निघणार नाही.

यांतील कोणते कारण उच्च आणि कोणते हीन, हे ठरविण्याचा मोह साहजिक आहे. आमच्या मते तो टाळावा, आणि त्याला आपल्याच परिसराच्या इतिहासातील आधार आहे.

दिव्याहून धीम्या गाडीने निघाले की चौथे स्थानक कल्याण. तेथील जोशी घराण्यातील, 1865 साली जन्मलेल्या यमुनेचा विवाह वयाच्या नवव्या वर्षी टपाल खात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाला, आणि पुढे ती आनंदीबाई म्हणून ओळखली गेली. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांतच गेले. या घटनेने त्यांच्या मनात वैद्यक शिकण्याचा विचार रुजला, असे चरित्रकार नोंदवतात. 1883 मध्ये अमेरिकेत पोहोचल्यावर त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी जे पत्र लिहिले, ते आज अर्ज म्हणून वाचले तर फार बोधप्रद वाटते. सेवा हा शब्द नुसता उच्चारून त्या थांबत नाहीत. आपल्या देशातील स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात आणि म्हणून स्त्री डॉक्टर हवी, अशी एक निश्चित उणीव त्या दाखवून देतात. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून आलो आहोत, हेही सांगतात. स्वतःसाठी काही मागत नाही, पण या कामास पात्र होण्यासाठी जे लागेल ते मात्र हवे आहे, असे त्यांचे मागणे आहे.

11 मार्च 1886 रोजी त्या पदवीधर झाल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली होती. ती सुरू करण्याइतके आयुष्य त्यांना लाभले नाही, आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी क्षयाने त्यांचे पुण्यात निधन झाले. त्यांच्या शिक्षणावर झालेल्या खर्चाचा परतावा रुग्णांच्या संख्येत मोजायचा म्हटले, तर ताळेबंदाच्या त्या बाजूला लिहिण्यासारखे फारसे काही सापडत नाही. तरीही ती मदत वाया गेली असे म्हणणारा मनुष्य आम्हांस अद्याप भेटलेला नाही.

त्याच पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. 1883 मध्ये इंग्लंडला जाताना त्यांचाही मानस वैद्यक शिकण्याचाच होता, परंतु वाढत्या बहिरेपणामुळे तो मार्ग बंद झाला. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. डॉ. रखमाबाईंची गोष्ट आणखी वेगळी. बालपणी झालेला विवाह नाकारल्याबद्दल 1884 पासून न्यायालयात झुंज दिल्यावर त्या लंडनला गेल्या, आणि डॉक्टर होऊन सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ काम केले. लग्नाचा विषय टळावा म्हणून शिकू पाहणाऱ्या मुलीला कमी लेखण्यापूर्वी ही हकीकत आठवावी.

परिचर्येपुरते बोलायचे, तर रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली 1909 मध्ये सुरू झालेल्या पुणे सेवासदनाने ससून रुग्णालयाच्या सहकार्याने स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण देण्याचे काम हाती घेतले. त्या काळी अशा शिक्षणाकडे येणाऱ्यांत विधवा आणि निराधार स्त्रिया होत्या. त्यांना सर्वप्रथम हवा होता तो स्वतःच्या पायावर उभे राहण्याचा मार्ग. त्या पोट भरण्यासाठी आल्या म्हणून त्यांच्या हातची शुश्रूषा उणी ठरली नाही. महाराष्ट्रात परिचारिकेचा व्यवसाय घराघरांत मान्य होण्याचा पाया अशा स्त्रियांनीच घातला.

मग विद्यार्थ्याच्या हेतूकडे पाहायचेच नाही काय? पाहायचे, पण निराळ्या रीतीने. आमचा अनुभव असा, की मध्येच शिक्षण सोडून देणारी मुले हेतू कच्चा असल्याने क्वचितच सोडतात. शुल्काव्यतिरिक्तचा खर्च, घरचे आजारपण किंवा रोजचा प्रवास यांपैकी एखादी गोष्ट त्यांना गाठते.

प्रवासाची बाब दिव्याबाहेरील देणगीदारांच्या लक्षात सहजी येत नाही. दिवा जंक्शनवरून वसई आणि पनवेलकडे मार्ग फुटतात, कोकणाकडे गाड्या जातात, परंतु सकाळी मुंबईकडे जाणारी लोकल कल्याण-डोंबिवलीहूनच भरून येते. जलद गाड्यांना येथे थांबा मिळाला तो डिसेंबर 2016 मध्ये, आणि त्यासाठीही दिवेकरांना 2 जानेवारी 2015 रोजी रुळांवर उतरावे लागले होते. परिचर्येच्या विद्यार्थिनीला सकाळच्या पाळीस कक्षात वेळेवर हजर राहावे लागते. 'गाडीत चढता आले नाही' हे कारण तेथे चालत नाही. 9 जून 2025 रोजी मुंब्रा स्थानकाजवळ गाडीतून पडून प्रवाशांचे मृत्यू झाले, त्यानंतर मुलीचे महाविद्यालय कुठल्या स्थानकाजवळ आहे हा पालकांचा पहिला प्रश्न झाला. दिव्याहून दुसरे स्थानक असलेल्या कळव्याचे आकर्षण मुलांना का वाटते, आणि दूरच्या नामवंत संस्थेपेक्षा वसतिगृह असलेली साधी संस्था त्या का निवडतात, याचे उत्तर येथे आहे. ही निवड महत्त्वाकांक्षेच्या अभावाने होते असे समजू नये.

म्हणून यंदापासून आमच्या अर्जात 'आपणांस हा अभ्यासक्रम का करावयाचा आहे?' या प्रश्नाखाली आणखी तीन प्रश्न घातले आहेत. रुग्णालयातील कोणते काम आपण जवळून पाहिले आहे? महाविद्यालयात रोज कसे जाल, किंवा कोठे राहाल? घरात कोणाचा पाठिंबा आहे आणि कोणाचा नाही? पहिल्या प्रश्नाला सुंदर उत्तर देणारी मुले पुढील तिन्हींपाशी अडखळतात, आणि पहिल्यास दोनच शब्द लिहिणारी एखादी मुलगी प्रवासाचे उत्तर गाड्यांच्या वेळांसह देते. अशा मुलीची निवड करताना निवड समितीत फारशी चर्चा होत नाही.

शासनाच्या जुलै 2024 च्या निर्णयानुसार, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. हा लाभ केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या प्रवेशासच मिळतो. संस्थेच्या कोट्यातून प्रवेश घेतल्यास तो मिळत नाही. त्यामुळे आपल्या निधीची गरज संपली, असा एक सूर निघाला होता. वस्तुतः निधीचा रोख बदलला आहे. शुल्क माफ झाले तरी वसतिगृह, भोजन, पुस्तके आणि प्रवास हे राहतातच, आणि मुले तेथेच गळतात.

सभेत दुसरी सूचना आली ती बंधपत्राची, म्हणजे मदत घेणाऱ्याने शिक्षणानंतर काही वर्षे आपल्याच रुग्णालयात काम करण्याची. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतून डॉक्टर होणाऱ्यांना असे एक वर्ष बंधनकारक आहे, त्यामुळे ही सूचना अवाजवी म्हणता येणार नाही. आम्हांलाही परिचारिकांची निकड आहेच. शिवाय फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केल्यापासून जर्मन भाषेच्या वर्गाची चौकशी करणाऱ्या मुली वाढल्या आहेत, हेही खरे. केरळातील परिचारिकांनी आखाती देशांत आणि युरोपात जाऊन आपली घरे उभी केली, हे उदाहरण सर्वांसमोर आहे. तथापि, सतरा वर्षांच्या मुलीकडून बंधपत्रावर सही घेणे आणि तिची मूळ प्रमाणपत्रे कपाटात ठेवणे, ही मदत नसून उचल ठरते, असे आमचे स्पष्ट मत आहे. विश्वस्त मंडळाने तूर्त बंधपत्राचा विचार स्थगित ठेवला असून, शिक्षण पूर्ण करणाऱ्यांना आपल्या रुग्णालयात नोकरीसाठी प्राधान्य देण्याचे ठरविले आहे. राहावयाचे की नाही हे त्यांनी वेतन, पाळ्या आणि वागणूक पाहून ठरवावे. यांतील वागणूक तरी सर्वस्वी आमच्या हाती आहे.

पालकांसाठी अखेरीस काही व्यवहाराच्या गोष्टी. बी.एस्सी. नर्सिंग हा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम असून त्यास बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय लागतात. जी.एन.एम. ही तीन वर्षांची पदविका आणि ए.एन.एम. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम अन्य शाखेतून बारावी झालेल्यांनाही खुला आहे. प्रवेश परीक्षेच्या तारखा आणि नियम दरवर्षी नव्याने पाहावेत. सहा महिने वा वर्षभराच्या 'नर्सिंग'च्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी मिळत नाही, आणि नोंदणीवाचून परिचारिका म्हणून काम करता येत नाही. अशा वर्गांना दागिने मोडून पैसे भरलेली कुटुंबे आमच्याकडे येतात, तेव्हा त्यांच्यासाठी काही करणे आमच्या हाती उरलेले नसते. पैसे भरण्यापूर्वी संस्थेचे नाव भारतीय परिचर्या परिषद व राज्य परिषद या दोहोंच्या मान्यताप्राप्त यादीत आहे की नाही ते पाहावे. यादी पाहणे जमत नसल्यास आमच्या कार्यालयात यावे. साहाय्याचा अर्ज करणार असाल वा नसाल, यादी पाहून दिली जाईल.

साहाय्याचे अर्ज बारावीच्या निकालानंतर रुग्णालयाच्या कार्यालयात विनामूल्य मिळतात. सोबत गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला व प्रवेशाचे पत्र यांच्या प्रती जोडाव्यात. शिफारसपत्राची आवश्यकता नाही. मुलाखतीस पालकांनी अवश्य यावे, मात्र थोडा वेळ बाहेर बसण्याची तयारी ठेवावी, ही विनंती.