सार्वजनिक जमीन, क्रीडासंकुल आणि व्यापार : संमतीच्या प्रश्नाचा विचार

शासन किंवा नगरसंस्था आपल्या ताब्यातील जमीन क्रीडासंकुलासाठी देते आणि त्याच जमिनीवर दुकाने, कार्यालये व हॉटेले उभारण्याची मुभाही देते, तेव्हा एकाच करारात दोन भिन्न व्यवहार एकत्र आलेले असतात. एक लोकोपयोगाचा, दुसरा नफ्याचा. अशा व्यवहारांची चर्चा बहुधा ‘विकास हवा की मोकळी जागा हवी’ या द्वंद्वात अडकून पडते. वस्तुतः त्याहून मूलगामी प्रश्न असा की, जमीन लोकांची असेल, तर तिचा उपयोग बदलण्यास लोकांची संमती कोणत्या टप्प्यावर व कोणत्या स्वरूपात घेतली जाते? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

हे दोन व्यवहार एकत्र का येतात, हे प्रथम पाहिले पाहिजे. मोठे क्रीडागार बांधण्यास प्रचंड भांडवल लागते. परंतु वर्षातील बहुतेक दिवस ते रिकामे असते. अमेरिकेतील ‘मेजर लीग सॉकर’ या व्यावसायिक फुटबॉल-स्पर्धेत २०२५ च्या नियमित हंगामात प्रत्येक संघाच्या वाट्याला स्वतःच्या मैदानावरचे केवळ १७ सामने आले होते. एवढ्या सामन्यांच्या तिकिटांवर भांडवल फेडणे अवघड असते. शेजारच्या व्यापारी इमारतींचे उत्पन्न मात्र बारमाही असते. म्हणून क्रीडागाराचा खर्च व्यापाराने उचलावा, ही कल्पना पुढे येते. तीत मुळातच काही गैर आहे असे नाही. अडचण निराळ्या ठिकाणी आहे. जमीन मागितली जाते ती खेळाच्या नावाने, आणि तिच्यातून मिळणारा लाभ ठरतो तो व्यापाराच्या क्षमतेवरून. या दोहोंमधील अंतर करारात उघडपणे मांडले न गेल्यास ते कोणाच्या पदरी पडले, हे नागरिकांना कळत नाही.

या प्रकारचे अलीकडचे एक ठळक उदाहरण मायामी शहराचे आहे. विमानतळाजवळील ‘मेलरीज’ हे शहराच्या मालकीचे सुमारे १३१ एकरांचे गोल्फ-मैदान होते. ‘इंटर मायामी’ या संघाच्या मालकांनी त्या जागी २५,००० आसनांचे क्रीडागार, सुमारे १० लाख चौरस फुटांची कार्यालये व दुकाने आणि ७५० खोल्यांची हॉटेले उभारण्याचा प्रस्ताव मांडला. स्पर्धात्मक निविदा न मागविता अशी जमीन देण्यास शहराच्या सनदेची आडकाठी होती. यास्तव सनद-दुरुस्तीचा प्रश्न नोव्हेंबर २०१८ मध्ये मतदारांपुढे ठेवण्यात आला. सुमारे ७३ एकर जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्याची बोलणी निविदेवाचून करावी काय, असा त्याचा आशय होता. भाडे बाजारभावानुसार वाजवी असावे, परंतु वर्षाला सुमारे ३५ लाख ७७ हजार डॉलरांहून कमी नसावे, आणि उरलेल्या ५८ एकरांवर सार्वजनिक उद्यान व्हावे, या अटीही त्यात होत्या. सुमारे ६० टक्के मतदारांनी अनुकूल कौल दिला. प्रत्यक्ष भाडेपट्टा शहराच्या आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये चार विरुद्ध एक अशा मतांनी मंजूर केला.

या घटनाक्रमात दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली गोष्ट, मतदारांनी संमती दिली ती बोलणी करण्यास. कराराच्या अखेरच्या अटी त्यानंतर साडेतीन वर्षांनी ठरल्या. बोलणी करण्याची संमती आणि अटींना दिलेली संमती या एक नव्हेत. दुसरी गोष्ट भाड्याची. वर उल्लेखिलेली किमान रक्कम ७३ एकरांवर विभागली असता एकरी वर्षाला सुमारे ४९ हजार डॉलर पडतात. हा आकडा थोडा की फार, याचा निर्णय आकड्यावरून करता येत नाही. तो स्पर्धेवरून करता आला असता. निविदा वगळली म्हणजे ‘वाजवी’ या शब्दाचा अर्थ लावण्याचे काम बाजाराकडून मूल्यांकनकाराकडे जाते. तथापि एक श्रेय या पद्धतीला दिलेच पाहिजे. जमिनीचे क्षेत्र, मुदत, किमान भाडे व उद्यानाचा वाटा हे चारही घटक व्यवहार होण्यापूर्वी मतदारांसमोर होते.

आता महाराष्ट्राकडे वळू. नवी मुंबईतील घणसोली येथे सुमारे २० एकर जमीन २००३ साली शासकीय क्रीडासंकुलासाठी निश्चित करण्यात आली होती. ते संकुल उभे राहिले नाही. २०१६ साली सिडकोने तेथील जमीन निवासी व व्यापारी बांधकामासाठी खासगी विकासकाला दिली, आणि २०२१ साली शासनाने नियोजित क्रीडासंकुल रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात, नानोरे येथे, म्हणजे सुमारे ११५ किलोमीटर दूर नेण्याचे ठरविले. मायामीत खेळाच्या आधाराने व्यापार आला. येथे व्यापार आला आणि खेळालाच स्थलांतर करावे लागले. वास्तुविशारदांच्या संस्थेने केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली हे निर्णय रद्द केले. त्याच वर्षी सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. घणसोलीतील मुलाला खेळण्यासाठी शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागत असेल, तर ते मैदान त्याच्यापुरते अस्तित्वातच नाही, हे समजण्यास कायद्याचे ज्ञान लागत नाही. तरीही ते प्रस्थापित होण्यास न्यायालयापर्यंत जावे लागले.

न्यायालयांच्या या भूमिकेमागे जुनी परंपरा आहे. बंगळूर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध बी. एस. मुद्दप्पा (१९९१) या खटल्यात उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरविला. रुग्णालय हे वाईट काम नव्हे. परंतु हेतू चांगला असल्याने राखीव जागेचा उपयोग बदलण्याचा अधिकार प्राप्त होत नाही, हे तत्त्व त्यातून स्पष्ट झाले. पुढे एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात, बियास नदीकाठच्या जमिनीच्या संदर्भात, शासन हे नैसर्गिक संपत्तीचे मालक नसून विश्वस्त आहे, हा सिद्धान्त न्यायालयाने भारतीय कायद्याचा भाग मानला. मात्र हा सिद्धान्त नद्या, वने, किनारे यांच्या संदर्भात घडला आहे. नगरसंस्थेच्या प्रत्येक भूखंडास तो जसाच्या तसा लावता येईल, असे गृहीत धरणे योग्य होणार नाही. शिवाय न्यायालयाचा उपाय हा स्वभावतःच नंतरचा उपाय आहे. घणसोलीत भूखंडवाटपापासून अंतिम निर्णयापर्यंत आठ वर्षे गेली. त्या काळात मोठी झालेली मुले आता मैदानाच्या वयात राहिलेली नाहीत.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास आराखड्यात फेरबदल करताना जनतेकडून हरकती व सूचना मागवाव्या लागतात, हे खरे. परंतु हरकत नोंदविणे आणि संमती देणे यांत मोठे अंतर आहे. हरकतीवर विचार करणे अधिकाऱ्यास बंधनकारक असते. ती मान्य करणे नसते.

काळाचाही विचार येथे करावयास हवा. मुंबईतील महालक्ष्मी घोडदौड-मैदानाच्या भाडेपट्ट्याची मुदत २०१३ साली संपली. त्या सुमारे २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी आणि उरलेले क्षेत्र घोडदौडीसाठी, अशा विभागणीचा निर्णय २०२४ साली झाला. मुदत संपताच जमीन आपोआप लोकांकडे परत येत नाही. तिच्या परतीचीही वाटाघाट करावी लागते. ९९ वर्षांच्या करारावर सही करणाऱ्या पिढीपैकी त्याची अखेर पाहण्यास बहुधा कोणीच उरत नाही. म्हणून परतीच्या अटी आरंभीच लिहून ठेवणे अगत्याचे ठरते.

या विवेचनावरून अशा करारांच्या अभ्यासासाठी तीन कसोट्या सुचविता येतील. जमिनीचा कोणता भाग सर्वांना विनामूल्य खुला राहणार, हे एकरांत सांगितले आहे काय? भाडे स्पर्धेने ठरले की बोलणीने, आणि बोलणीने ठरले असल्यास मूल्यांकन प्रसिद्ध झाले आहे काय? उपयोग बदलण्यापूर्वी लोकांना विचारले गेले, की बदलल्यानंतर त्यांना दाद मागावी लागली? मायामीची पद्धत पहिल्या व तिसऱ्या कसोटीवर बऱ्याच अंशी उतरते, दुसरीवर ती दुबळी ठरते. घणसोलीच्या प्रकरणात तिसऱ्या कसोटीचे उत्तर न्यायालयात शोधावे लागले. आपल्याकडील नगरसंस्थांचे भाडेपट्टे या तीन प्रश्नांच्या आधारे एकेक करून तपासणे हे पदव्युत्तर संशोधनास सर्वथा योग्य असे काम आहे. ते झाल्यावाचून ‘लोकहित’ या शब्दाची या क्षेत्रातील व्याप्ती निश्चित करता येणार नाही.